मागच्या गल्लीची रेघ

अमेरिकेत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. व्हिसासाठी अर्जसुद्धा केला नाही. पण तिथल्या एका शहरात मला उद्या नेऊन सोडलं, तर नदीच्या घाटापासून रेल्वे यार्डापर्यंत कुणालाही न विचारता मी चालत जाईन. कुठे चर्च, कुठे बंद पडलेली गिरणी, कुठला रस्ता हायवेखाली जाऊन अचानक संपतो, सगळं पाठ आहे. तीन वर्षं मी त्या शहरातल्या एका मतदारसंघाचे नकाशे काढले, आणि तेही दुबईत बसून, अल मनखूलमधल्या माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या ऑफिसात.

शहराचं नाव सांगणार नाही. तसं लिहून दिलेलं आहे.

मी मूळचा दापोलीकडचा. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालो आणि रत्नागिरीच्या एका सरकारी ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो. तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने नकाशे काढायचे. लांब रेघ ओढण्याआधी श्वास रोखायचा आणि रेघ संपली की सोडायचा, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. पुढे दुबईला आलो. तिथे ड्रेनेजच्या लाइनी काढल्या, विजेच्या केबली काढल्या, अबू धाबीकडच्या खलिफा सिटीतले व्हिलांचे प्लॉट पाडले, रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्याकडे जाणारे रस्ते आखले. पेन गेलं, माउस आला. श्वास रोखायची सवय मात्र गेली नाही. शेजारी बसणारी मृणाल हसायची. "इकबालभाई, सॉफ्टवेअर श्वासावर चालत नाही हो!"

मृणाल पुण्याची, भूगोलात एम.ए. केलेली. ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारी तेवढी एकच. आमचे मॅनेजर हानी इजिप्तचे. आवाज मोठा आणि मन बऱ्यापैकी मऊ, पण ते मऊपण त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

अमेरिकेचं काम हानींनीच आणलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, काँग्रेस म्हणजे आपला पक्ष. मृणालने समजावलं. तिथे काँग्रेस म्हणजे संसद. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि मग मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात, कारण राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघात माणसं सारखी हवीत. काही राज्यांत या सीमा निवडून आलेले लोकच आखतात. म्हणजे मतदाराने उमेदवार निवडायच्या आधी उमेदवारच मतदार निवडून घेतो. आमच्या राज्यात (बघा, मी 'आमच्या' म्हणून गेलो) त्यासाठी आयोग होता.

एखाद्या वस्तीचं वजन कमी करायचं असेल तर नकाशावाल्याकडे दोन वाटा असतात. एक, ती वस्ती तीन मतदारसंघांत फोडायची. मग कुठेच तिचा आवाज उरत नाही. दुसरी, तशा सगळ्या वस्त्या एकाच मतदारसंघात कोंबायच्या. मग तिथे त्या भरघोस जिंकतात आणि बाकी सगळीकडे नसल्यासारख्या होतात. दोन्ही कामं अगदी स्वच्छ, सुबक रेघांनी होतात. आरडाओरडा नाही, पोलीस नाहीत. इतकी वर्षं ड्रेनेजच्या रेघा ओढणाऱ्या माणसाला हे कळलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मला जुन्या नकाशांतून कळला. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी शंभर वर्षांपूर्वी घरन् घर मोजून नकाशे काढले होते. विटांची घरं गुलाबी, लाकडाची पिवळी. ते स्कॅन आजच्या नकाशावर बरोबर बसवायचे, हे माझं पहिलं काम. बसवता बसवता मला दिसलं, की आज जिथे सहा पदरी हायवे आहे तिथे एक आख्खा बाजार होता. न्हाव्याची दुकानं, दोन थिएटरं, दवाखाना, चार चर्चं. शहरात दुसरीकडे घर घेऊ दिलं जात नव्हतं म्हणून काळे लोक तिथे दाटीने राहायचे. पुढे सरकारने बरोबर त्या बाजारातूनच हायवे नेला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. दक्षिणेला मेक्सिकोहून आलेली माणसं स्थिरावली. नदीकडच्या गिरण्यांत आता महागडे फ्लॅट झाले आहेत आणि खाली कॉफीची दुकानं. एकाच मतदारसंघात हे सगळं. तिथे खरी लढत पक्षातल्या पक्षातच व्हायची, तिकीट मिळालं की निवडून आल्यातच जमा. म्हणून कुठली गल्ली आत आणि कुठली बाहेर, याला सोन्याची किंमत.

आयोगाने लोकांना एक आवाहन केलं होतं: तुमची वस्ती कुठून कुठपर्यंत आहे ते तुम्हीच काढून पाठवा, म्हणजे शक्यतो ती फोडायची नाही असं आम्ही बघू. आणि लोकांनी पाठवले नकाशे. चारेकशे तरी असतील. पेन्सिलीने, स्केचपेनने, पिझ्झाच्या खोक्यावर, मुलांच्या चित्रकलेच्या वहीत. ते सगळे स्कॅन होऊन आमच्याकडे आले. मी, मृणाल आणि आणखी दोघे, अशा आम्ही चौघांनी ते संगणकावर नीट रेघांमध्ये आणायचे, म्हणजे आयोगाला मोजता येतील.

इतक्या वर्षांत मला इतकं आवडलेलं काम दुसरं नाही. माणूस स्वतःची वस्ती काढतो तेव्हा प्रमाण चुकतं, पण आणखी काही तरी अगदी बरोबर येतं. बेकरीवाला बेकरी एवढी मोठी काढतो, की तिच्यापुढे शाळा काडेपेटीएवढी. एका बाईने आपल्या वस्तीची हद्द म्हणून एक कुत्रा काढला होता. त्याच्या पलीकडे ती जात नव्हती.

मिसेस ऑडेल यांचा नकाशा चर्चच्या एका कार्यक्रमपत्रिकेच्या मागे होता. निळं बॉलपेन, थरथरता पण ठाम हात. मधोमध त्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंना घरांचे चौकोन, आणि समोरच्या ओळीतल्या एका घरावर बारीक अक्षरात लिहिलेलं: 'ह्यूबर्ट. हॉलची चावी याच्याकडे.' हद्दीची रेघ समोरच्या ओळीच्याही पाठीमागून, मागच्या गल्लीतून गेलेली.

आता इथे थोडं धंद्यातलं सांगतो. जनगणनेत शहराचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. बहुधा चार रस्त्यांच्या मधला तो एक तुकडा. लोकसंख्या त्या तुकड्याची मिळते, त्याच्या आतली मिळत नाही. मागची गल्ली रस्त्यात धरत नाहीत. त्यामुळे मिसेस ऑडेल यांची रेघ एका तुकड्याच्या पोटातून जात होती. आमच्या नियमपुस्तकात होतं: अशी रेघ जवळच्या रस्त्यावर सरकवावी. खाली असंही होतं: शंका आल्यास शेरा मारून वर पाठवावी.

जवळचा रस्ता त्यांच्या दारासमोरचाच होता. मला शंका आली. ह्यूबर्टचं घर बाहेर जातंय हे दिसलं. पण त्या दिवशी माझ्या नावावर वीस नकाशे होते, आणि शेरा मारला की तो नकाशा दोन दिवस अडकायचा. हानी दर तासाला येऊन घाई करायचे, "यल्ला हबीबी, यल्ला." मी रेघ सरकवली. श्वास रोखून, अगदी सरळ. आणि पुढचा स्कॅन उघडला.

दोन-तीन महिन्यांनी आयोगाने त्या रेघा धरून मतदारसंघाचा कच्चा आराखडा जाहीर केला आणि त्यावर सुनावण्या सुरू केल्या. तिथे सकाळी दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. मृणालने मला लिंक पाठवली. मी घरी लेकीला, सनाला म्हटलं, "जरा टीव्हीला जोडून दे गो."

"अब्बा, यू कॅन जस्ट कास्ट इट," म्हणत तिने एका मिनिटात लावून दिलं आणि ती आपल्या खोलीत गेली. मी आणि जुबेदा बघत बसलो. आपला नवरा दिवसभर काय करतो हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. "हे सगळे तुम्ही काढलंत?" ती विचारत होती आणि मी फुगत होतो.

मग माइकसमोर एक म्हातारी बाई आली. निळी टोपी, हातात पर्स घट्ट धरलेली. नाव सांगितलं आणि मी सरळ होऊन बसलो.

त्या म्हणाल्या, "तुमची रेघ माझ्या रस्त्याच्या मधून जाते. मी दारात उभी राहिले तर समोरचे शेजारी दुसऱ्या मतदारसंघात. मी तशी काढली नव्हती. मी ती समोरच्या घरांच्या मागून काढली होती."

आयोगातल्या एका माणसाने स्क्रीनवर नकाशा लावायला सांगितला. लागला. स्वच्छ, सुबक रेघ. माझी रेघ. खाली त्यांचं नाव.

"मॅडम, तुमच्याकडून आलेला नकाशा हाच आहे," तो माणूस नम्रपणे म्हणाला.

"हा माझा नाही."

"त्यावर तुमचं नाव आहे. आता बरेच महिने झाले. कदाचित तुम्हाला नीटसं आठवत नसेल."

सभागृहात कुणी तरी हळूच हसलं. मिसेस ऑडेल यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग पर्सकडे. "माझी स्मरणशक्ती ठीक आहे," त्या म्हणाल्या, पण आवाज आधीसारखा नव्हता. दोन मिनिटं संपल्याची घंटा वाजली आणि त्या सावकाश जागेवर गेल्या.

जुबेदाने माझ्याकडे बघितलं. "काय ओ, काय झालं?"

"ती खरं बोलते," मी म्हटलं. "रेघ मी हलवली."

तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "मग तिला वेडी का ठरवतात? सांगा ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हानींच्या केबिनमध्ये गेलो. ऐकून घेतल्यावर त्यांनी दार लावलं.

"खलास, इकबाल. फाइल गेली, पास झाली. करारात जेवढ्या चुका चालतात, त्याच्या आपण खूप आत आहोत."

"पण त्या बाईला सगळ्यांसमोर विसरभोळी ठरवली. तिचा मूळ कागद आपल्याकडे आहे."

"आणि क्लायंट म्हणाला की दुबईवाल्यांचं काम कच्चं, तर? पुढच्या वर्षीचं काम गेलं तर? तू रिटायर होशील. मृणाल कुठे जाईल? तिचा व्हिसा या कामावर आहे."

बाहेर येऊन मी मृणालला सगळं सांगितलं, हानी काय म्हणाले तेसुद्धा. लपवणं बरं वाटेना. ती खुर्चीत मागे रेलली. "माझ्या व्हिसाची काळजी मी करीन," ती म्हणाली. "तुम्ही मेल लिहा. इंग्लिश मी बघते."

मी सहा ओळी लिहिल्या. तिने त्यात 'अनवधानाने' या अर्थाचा एक छान शब्द घातला. मी तो काढला. अनवधान नव्हतं. मला दिसलं होतं.

मेल लिहून झाला, पण क्लायंटला परस्पर लिहायची आम्हाला मनाई होती. दुपारी तो कागदावर छापून मी हानींपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. नमाजला गेले, परत आले, पुन्हा वाचला. मग पेन काढून माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. "मॅनेजरने तपासायचं असतं," ते पुटपुटले. "मी नीट तपासलं नाही." मेल त्यांच्याच संगणकावरून गेला, सोबत निळ्या बॉलपेनचा स्कॅन.

अमेरिकेतून आमचं काम बघणारी बाई होती जॅनिस. तिचा फोन संध्याकाळी आला. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही, तिने एकच प्रश्न विचारला: "याच नियमाने आणखी किती रेघा सरकवल्यात?"

ते आम्हाला माहीत नव्हतं.

बकरी ईद चार दिवसांवर होती. आम्ही चौघांनी सगळेच्या सगळे नकाशे पुन्हा उघडले. मूळ कागद एका स्क्रीनवर, आमची रेघ दुसऱ्या. मृणाल घरून डबा आणायची तो चौघांत, आणि हानी स्वतः चहा आणून द्यायचे, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. एकोणीस नकाशे सापडले, ज्यांत कुणाचं तरी घर, दुकान, अंगण आम्ही नियमाप्रमाणे बाहेर टाकलं होतं. त्यातले अकरा माझे. मी आमच्यातला सगळ्यात वेगवान होतो ना.

पुढच्या सुनावणीत आयोगाच्या अध्यक्षबाईंनी वाचून दाखवलं, की काही नकाशे प्रक्रियेत बदलले गेले होते आणि मिसेस ऑडेल यांचं म्हणणं बरोबर होतं. मग त्यांचा मूळ कागद स्क्रीनवर लावला. चर्चच्या पत्रिकेचा, थरथरत्या रेघांचा. मिसेस ऑडेल पुढच्याच रांगेत होत्या. त्या उठल्या नाहीत. फक्त मागे वळल्या आणि आधी जिकडून हसण्याचा आवाज आला होता तिकडे बराच वेळ बघत राहिल्या. जुबेदा जोरात म्हणाली, "अस्सं!"

अंतिम आराखड्यात सीमा एक रस्ता पलीकडे गेली आणि समोरची ओळ, तिच्या मागच्या गल्लीपलीकडच्या घरांसकट, आत आली. इथे ही गोष्ट संपवता आली असती तर मला आवडलं असतं. पण मतदारसंघात माणसं सारखी हवीत. एकीकडे घेतलं की दुसरीकडे सोडावं लागतं. दक्षिणेच्या टोकाला, गोदामांजवळचे काही तुकडे बाहेर गेले. मोठी बेकरी काढणाऱ्या त्या माणसाची गल्ली त्यातच होती. त्याचा नकाशा मीच केला होता आणि त्यात एकही चूक नव्हती. तो सुनावणीला आला नाही, त्याने पत्र पाठवलं नाही. त्याला हे कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. बरोबर रेघसुद्धा कुणाच्या तरी अंगावरून जाते, हे मला निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना समजलं. रत्नागिरीत समजलं असतं तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. बहुधा हेच काम केलं असतं, जरा हळू.

त्या क्लायंटने पुढच्या वर्षी काम दिलं नाही. आमच्यामुळे की खर्चामुळे, ते कळवलं नाही. हानींनी मृणालला अबू धाबीच्या एका प्रोजेक्टवर घालून व्हिसा टिकवला. तिने त्यांचे आभार मानले तेव्हा ते तिच्यावरच खेकसले. मी ठरल्या तारखेला निवृत्त झालो. केक कापला, घड्याळ मिळालं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी जॅनिसचा मेल आला. मिसेस ऑडेल गेले कित्येक महिने तिच्या मागे लागल्या होत्या: चूक कबूल करणारा माणूस कोण, त्याच्याशी मला बोलायचंय. आता मी नोकरीत नाही, तर माझी हरकत आहे का? मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. जुबेदा म्हणाली, "मुलगी बघायला चाललाय जणू."

व्हिडिओवर त्या टोपीशिवाय जास्त म्हाताऱ्या दिसल्या. बराच वेळ मला निरखून मग म्हणाल्या, "तुम्ही कुठे आहात?"

"दुबईत."

"तिथे तुमचा काँग्रेसमन कोण?"

"इथे मी परदेशी आहे, मॅडम. मला इथे मत नाही."

"आणि तुमच्या देशात?"

मला सांगायला लाज वाटली. देश सोडला तेव्हा नुकतंच मतदानाचं वय झालं होतं. नंतर कधी निवडणुकीला तिथे नव्हतो, यादीतून नाव गेलं, पुन्हा घालायचं मनातच राहिलं. "मी कधीच मत दिलं नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "आम्ही काळे म्हणून माझ्या आईलाही बरीच वर्षं मत देऊ दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर कुणी अडवलेलंही नाही." मग विचारलं, "रेघ का सरकवलीत?"

"नियम होता. आणि घाई होती."

"माझा रस्ता बघितला होतात?"

"वरून. उपग्रहाच्या फोटोत."

"वरून!" त्या उठल्या. फोन हलला, छत दिसलं, दार दिसलं. "चला."

त्यांनी मला नेलं. पायऱ्या उतरताना त्यांचा श्वास लागत होता तो ऐकू येत होता. रस्ता माझ्या अंदाजापेक्षा अरुंद निघाला. दोन ओसऱ्यांमधून एकमेकांशी सहज बोलता येईल इतका. समोरच्या ओळीतल्या दोन घरांच्या फटीतून त्या मागे गेल्या. कपडे वाळत होते, एक मोडकी सायकल होती. मग मागची गल्ली आली: कचऱ्याचे डबे, वाढलेलं गवत, आणि तारेचं एक कुंपण, मधे वाकलेलं. जुबेदा पिठाच्या हातांनी माझ्या खांद्यावरून बघत होती.

मिसेस ऑडेल यांनी फोन कुंपणावर धरला. "हे बघा," त्या म्हणाल्या. "आम्ही इथे संपतो."

आयुष्यभर रेघा ओढल्या, पण रेघ पायाशी कशी दिसते ते मी तेव्हा पाहिलं. मी तसं सांगायला गेलो आणि माझं इंग्लिश अडलं.

कुंपणाच्या पलीकडे एक माणूस गवताला पाणी घालत होता. त्याने फोनकडे बघून हात हलवला.

"त्याचं नाव रे," मिसेस ऑडेल आवाज खाली आणून म्हणाल्या. "माणूस चांगला आहे. पण तो पलीकडचा."

मी त्यालाही हात केला.